भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि आता एचआयव्हीचे निदान झाले आहे. कोल्हापुरात उपचार कसे मिळवावेत?

भुदरगडची लेक

नमस्कार. माझा धाकटा भाऊ 36 वर्षांचा आहे आणि त्याला महाविद्यालयात असल्यापासून स्किझोफ्रेनिया आहे. तो भुदरगड तालुक्यातील आमच्या गावी आईजवळ राहतो, मी लग्नानंतर कोल्हापूर शहरात असते. औषधे नियमित चालू असतात तेव्हा तो म्हशींचे सगळे पाहतो, डेअरीला दूध घालून येतो, पाहुण्यांशी बोलतो. औषधे सुटली की त्याचा संशय वाढतो, जेवणात काही मिसळले आहे असे त्याला वाटू लागते आणि तो घर सोडून जातो. मागच्या वर्षी तो असाच बराच काळ बाहेर होता.

पावसाळ्यात त्याला सतत ताप येऊ लागला आणि वजन फार उतरले, म्हणून आम्ही त्याला एका खासगी रुग्णालयात दाखल केले. तेथे रक्त तपासणीत एचआयव्ही आढळला. ही तपासणी करण्यापूर्वी त्याला विचारले नव्हते आणि आईलाही नाही. अहवाल मात्र आईला वऱ्हांड्यात, इतर रुग्णांच्या नातेवाइकांसमोर सांगण्यात आला. भावाला अद्याप कोणीही काही सांगितलेले नाही.

तेथील डॉक्टरांचे म्हणणे असे, की आधी त्याचे मन स्थिर होऊ द्यावे, कारण गोळ्या बुडवणाऱ्या माणसाला एआरटी (एचआयव्हीवरची औषधे) दिली तर विषाणू औषधांना दाद देईनासा होतो. मनोरुग्णांच्या एका निवासी पुनर्वसन केंद्राने आम्हाला प्रवेश देण्याचे कबूल केले होते, पण अहवाल पाहिल्यावर नकार दिला. म्हणजे एचआयव्हीचे डॉक्टर मानसिक आजाराकडे बोट दाखवतात, मानसिक आजाराची संस्था एचआयव्हीकडे, आणि भाऊ घरी तापाने पडून आहे.

त्याला सध्या ओलांझापिन, कार्बामाझेपिन आणि ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळ्या चालू आहेत. एआरटीसाठी खरोखर थांबावे लागते का, त्याला निदान सांगावे की नाही, त्याच्या वतीने सही कोणी करायची, आणि ज्याला जेवणाचाही संशय येतो त्याला रोजची आणखी एक गोळी कशी द्यायची, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. आई 68 वर्षांची आहे. तिला दर महिन्याला गावाहून कोल्हापूरला येणे झेपत नाही.

समुपदेशिका, करवीर

ताई, मी एआरटी केंद्रात समुपदेशक म्हणून अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे आधी सर्वांत निकडीचे सांगते. सतत ताप आणि वजन घटणे ही एचआयव्ही असलेल्या माणसात वाट पाहण्याची लक्षणे नाहीत. भावाला या आठवड्यातच सीपीआरच्या (कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयाच्या) एआरटी केंद्रात घेऊन या. खासगी अहवाल असला तरी सरकारी तपासणी केंद्रात वेगवेगळ्या किटने पुन्हा तपासणी करून निदान पक्के केले जाते. त्यानंतर सीडी-4 पेशींची (प्रतिकारशक्ती किती उरली आहे हे दाखवणाऱ्या रक्तपेशींची) मोजणी, क्षयरोगाची तपासणी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या होतात. हे सर्व आणि पुढची औषधे मोफत असतात. देशात मोफत एआरटी 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाली आणि 2017 पासून धोरण असे आहे, की सीडी-4 कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला उपचार द्यायचा. या धोरणात मनोविकार असलेल्यांचा अपवाद नाही.

एआरटी काही काळ थांबवण्याची वैद्यकीय कारणे असतात, पण ती वेगळी आहेत. मेंदूच्या आवरणाला क्षयरोगाचा किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा संसर्ग झालेला असेल, तर आधी त्यावर उपचार सुरू करून एआरटी काही आठवडे पुढे ढकलतात, कारण प्रतिकारशक्ती एकदम जागी झाल्याने मेंदूतील सूज वाढू शकते. तुमच्या भावाच्या बाबतीत याच शक्यता आधी तपासल्या गेल्या पाहिजेत. मला खरी काळजी याची वाटते, की स्किझोफ्रेनियाचे निदान एकदा कागदावर आले की त्या माणसाची प्रत्येक तक्रार त्याच आजाराच्या खाती टाकली जाते. तो डोके दुखते म्हणाला, गोंधळल्यासारखा वागला, रात्रभर बडबडला, तर ‘त्याचे ते नेहमीचेच आहे’ असे म्हणून सोडून देतात. सीडी-4 खालावलेल्या माणसात ही मेंदूज्वराची लक्षणे असू शकतात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, की त्याचा नेहमीचा संशय कसा असतो आणि आताचे वागणे त्याहून कोठे वेगळे आहे. हा फरक तुमची आईच नेमका सांगू शकते.

औषधांना विषाणू दाद देईनासा होण्याची भीती निराधार नाही, पण ती आताच्या औषधांना पूर्वीइतकी लागू नाही. सध्याच्या पहिल्या फळीच्या उपचारात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत असतात आणि बहुतेकांना ती दिवसातून एकदाच घ्यायची असते. डोल्युटेग्राव्हिरविरुद्ध प्रतिरोध सहजासहजी तयार होत नाही. अधूनमधून गोळी चुकणे चांगले नाहीच, पण गोळी चुकेल या भीतीने उपचार सुरूच न करणे त्याहून कितीतरी घातक आहे.

निदान त्याला सांगितलेच पाहिजे. माझ्या अनुभवात, ज्यांना ‘ताकदीची गोळी’ म्हणून एआरटी दिली गेली त्यांचा विश्वास एक दिवस तुटला आणि मग त्यांनी मानसिक आजाराची औषधेही सोडली. तुमच्या भावाचा संशयच असा आहे, की आपल्याला गुपचूप काहीतरी दिले जात आहे. त्याच्या ताटात गोळी कुस्करून घालणे म्हणजे तो संशय खरा करणे होय, तेव्हा हा मार्ग कृपया कधीही स्वीकारू नका. तो शांत असेल अशा वेळी, समुपदेशकासमोर, थोडक्यात आणि स्पष्ट शब्दांत सांगावे. एकाच बैठकीत सर्व समजले पाहिजे असा आग्रह नको. पुढच्या भेटीत पुन्हा सांगावे, आणि त्याला काय समजले ते त्याच्याच तोंडून ऐकावे.

गोळीची वेळ दिवसातल्या ठरलेल्या कामाला जोडली तर ती टिकते. तो सकाळी डेअरीला जातो, तर परतल्यावर हातपाय धुऊन पहिली गोष्ट गोळी, असे ठरवता येईल. केंद्रात त्याच्यासोबत एक उपचार-साथीदार नोंदवतात, ते नाव आईचे असू द्या आणि फोन क्रमांक तुमचाही द्या. सुरुवातीच्या काळात भेटी जास्त असतात, परंतु प्रकृती स्थिरावली की एका वेळी अधिक महिन्यांच्या गोळ्या मिळतात आणि घराजवळच्या लिंक एआरटी केंद्रातून औषध घेण्याची सोय होऊ शकते. पहिल्याच भेटीत त्याविषयी विचारून ठेवा.

मनोविकारतज्ज्ञ, इचलकरंजी

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. आपण औषधांची नावे दिलीत हे फार बरे केले, कारण त्यांतील कार्बामाझेपिनकडे तातडीने लक्ष द्यावे लागेल. हे औषध यकृतातील काही विकरांचे (एन्झाइमांचे) काम वाढवते आणि त्यामुळे डोल्युटेग्राव्हिर शरीरातून लवकर बाहेर पडते. रुग्ण एकही गोळी चुकवत नाही, तरीही विषाणूभार (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) खाली येत नाही, आणि सगळे समजतात की तो गोळ्या फेकून देत असेल. मनोरुग्णाच्या बाबतीत तर असा आरोप करायला कोणालाच वेळ लागत नाही.

यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे कार्बामाझेपिन चालू ठेवून डोल्युटेग्राव्हिर 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देणे, म्हणजे सकाळच्या एकत्रित गोळीबरोबरच संध्याकाळी डोल्युटेग्राव्हिरची स्वतंत्र गोळी. दुसरा म्हणजे मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने कार्बामाझेपिन हळूहळू कमी करून त्याऐवजी व्हॅल्प्रोएटसारखे औषध देणे. मला दुसरा उपाय अधिक योग्य वाटतो, कारण आपल्या भावासाठी दिवसाची एकच एआरटी गोळी राहणे मोलाचे आहे. मात्र कार्बामाझेपिन घरी आपल्या मनाने एकदम बंद करू नका, त्याने फिट येऊ शकते. शिवाय ते बंद केल्यावरही त्याचा परिणाम सुमारे दोन आठवडे टिकतो, म्हणून डोल्युटेग्राव्हिरची जादा मात्रा तोपर्यंत चालू ठेवावी लागते.

ओलांझापिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र चालतात. दोन्हींनी वजन वाढू शकते आणि ओलांझापिनने रक्तातील साखरही वाढते, तेव्हा वजन व साखर नियमित पाहावी. पुढे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन लागलेच तर डोल्युटेग्राव्हिरबरोबर त्याची मात्रा दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर सहसा नेत नाहीत. आम्लपित्तावरची ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियम असलेली औषधे, तसेच लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एआरटीच्या गोळीबरोबरच घेऊ नयेत. डोल्युटेग्राव्हिर त्यांच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यावे. क्षयरोग निघाला आणि रिफॅम्पिसिन सुरू झाले, तर मात्रांचा हिशेब पुन्हा बदलेल, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांना ठाऊक असले पाहिजे.

लिथियम घेणाऱ्या वाचकांसाठी येथेच सांगून ठेवतो, की लिथियम आणि टेनोफोविर दोन्ही मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि लिथियमची रक्तातील पातळी अधिक बारकाईने तपासावी. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एफाव्हिरेन्झने विचित्र स्वप्ने, नैराश्य आणि क्वचित भासही होत असत. कोणाची जुनी औषधे अजून तीच असतील आणि मानसिक त्रास वाढला असेल, तर ती बदलण्याविषयी केंद्रात अवश्य बोलावे.

संशयामुळे गोळ्या नाकारणाऱ्या रुग्णांत मी दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनचा विचार करतो. फ्लुफेनाझिनसारखे इंजेक्शन 2 ते 4 आठवड्यांतून एकदा द्यावे लागते. मानसिक आजाराच्या रोजच्या गोळ्या कमी झाल्या की एआरटीची एक गोळी घेण्याविषयी बोलणे सोपे जाते. इंजेक्शनचा दिवस आणि एआरटीचा दिवस एकच ठरवून घ्या. सीपीआरमध्ये मनोविकार विभागही आहे, त्यामुळे एकाच खेपेत दोन्ही कामे होऊ शकतात. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक आपल्या तालुक्यात कोणत्या दिवशी येते, तेही विचारून ठेवा.

आणखी एक गोष्ट अनेक कुटुंबांना बोलायला अवघड जाते. गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसालाही लैंगिक आयुष्य असते, आणि आजारपणात घराबाहेर असताना त्याचे किंवा तिचे लैंगिक शोषण होण्याचा धोकाही मोठा असतो. आपला भाऊ बाहेर असताना काय घडले याचा तपास घरच्यांनी करू नये. त्याला सांगावेसे वाटले तर ते समुपदेशकाला एकांतात सांगता यावे, एवढी मोकळीक त्याला द्यावी.

शिरोळकर

मला द्विध्रुवीय (बायपोलर) मनोविकार आहे आणि एचआयव्हीही आहे. दोन्हींची औषधे मी अनेक वर्षे घेत आहे आणि माझा विषाणूभार आता चाचणीत सापडत नाही इतका कमी आहे. अशा स्थितीत लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही, हे जगभरातील वैद्यक मान्य करते. हे मला कोणीतरी नीट समजावून सांगितले तेव्हा मी स्वतःकडे धोका म्हणून पाहणे थांबवले.

ताई, आपण विचारलेल्या प्रश्नांत भावाचे मत कोठेही आलेले नाही. आपली माया प्रत्येक ओळीत दिसते, म्हणूनच हे मोकळेपणाने लिहीत आहे. मी रुग्णालयात असताना डॉक्टर माझ्याविषयी माझ्या वडिलांशी बोलत, आणि मी शेजारीच बसलेला असे. तो काळ आठवला की मला आजही आजारापेक्षा त्या वागणुकीचा त्रास अधिक होतो. भावाला विचारा, की त्याला गोळी सकाळी बरी वाटते की रात्री, केंद्रात आईसोबत जायचे आहे की तुमच्यासोबत, आणि गावात कोणाला कळलेले त्याला चालेल. भास होत असतानाही माणसाला या गोष्टींची उत्तरे देता येतात.

वकील, गडहिंग्लज

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. आपल्या प्रकरणात 2017 चे दोन कायदे लागू होतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून आणि एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आहे.

एचआयव्ही कायद्याच्या कलम 5 नुसार संबंधित व्यक्तीची किंवा तिच्या प्रतिनिधीची माहितीपूर्ण संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. न विचारता केलेली तपासणी आणि वऱ्हांड्यात जाहीर केलेला अहवाल या दोन्ही गोष्टी या कायद्याच्या विरुद्ध आहेत. एचआयव्ही आहे म्हणून आरोग्यसेवा नाकारणे हा कलम 3 नुसार भेदभाव ठरतो, त्यामुळे पुनर्वसन केंद्राच्या नकाराविरुद्धही आपल्याला दाद मागता येते. नकाराचे कारण लेखी मागा. ते देत नसतील तर आपणच तारीख घालून अर्ज द्या आणि पोहोच घ्या. तक्रारीसाठी कायद्याने लोकपालाची तरतूद केलेली असून लोकपालाने 30 दिवसांत, आणि वैद्यकीय निकड असेल तर शक्यतो 24 तासांत आदेश द्यावा, असे त्यात म्हटले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.

सहीबद्दल बोलायचे तर, मानसिक आजाराचे निदान असणे म्हणजे निर्णयक्षमता नसणे असे कायदा मानत नाही. माणसाला माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने वा अन्य मार्गाने कळवू शकतो का, एवढे पाहायचे असते. आपल्याला न पटणारा निर्णय त्याने घेतला, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. म्हणून सही आधी त्याचीच असावी. तो बरा असताना साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने किंवा अंगठ्याने, मानसिक आरोग्यसेवेसाठी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. हे आताच करून ठेवावे, म्हणजे पुढे आजार उफाळला तर ऐनवेळी धावपळ होणार नाही.

दोन्हीकडच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलण्यात गोपनीयतेची अडचण येते, असे काही ठिकाणी सांगितले जाते. उपचारासाठी आवश्यक असेल तेव्हा एका आरोग्यसेवकाने उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्याला माहिती देणे कलम 8 मध्ये मान्य आहे. आवश्यकता नसलेल्या कोणालाही ती देता येत नाही, मग तो चुलता असो की सरपंच.

भावाचे उत्पन्न नसेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करावा. मानसिक आजार हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांपैकी एक आहे आणि 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाले तर इतर लाभही मिळतात. अर्जात कोणते कारण लिहायचे हे कुटुंबाने भावाला विचारून ठरवावे. मानसिक दिव्यांगत्वाच्या आधारावर अर्ज केल्यास एचआयव्हीचा उल्लेख टाळता येतो, आणि गावपातळीवर कागद अनेक हातांतून जातात हे लक्षात घेता मी तोच मार्ग सुचवेन.

भुदरगडची लेक

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही सोमवारी सीपीआरला जाण्याचे ठरवले आहे. काल भावाला फोनवर विचारले, की तापाच्या तपासणीसाठी कोल्हापूरला येशील का आणि सोबत कोण हवे. तो म्हणाला, “तूच चल, आईला चालवत नाही.” निदान त्याला समुपदेशकांसमोरच सांगू.

दोन शंका उरल्या आहेत. आईने त्याचे ताट-तांब्या वेगळे केले आहे आणि ती ऐकत नाही. तसेच आई दर पौर्णिमेला त्याला नृसिंहवाडीला नेते आणि तेथे काही दिवस राहते, तो नेम तिला मोडायचा नाही. अशा वेळी, किंवा पुढे कधी त्याला रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात दाखल करावे लागले, तर एआरटी चालू कशी ठेवायची?

समुपदेशिका, करवीर

आईंनाही सोमवारी सोबत आणता आले तर पाहा, गाडीची सोय होत असेल तरच. एकत्र जेवण, भांडी, अंथरूण, स्पर्श, खोकला किंवा डास यांतून एचआयव्ही पसरत नाही, हे त्यांनी घरच्या माणसाऐवजी केंद्रातील डॉक्टरांकडून ऐकलेले अधिक उपयोगी पडेल. वेगळे ठेवायचे ते फक्त दाढीचे ब्लेड आणि दात घासण्याचा ब्रश. ज्याला जेवणाचा संशय येतो त्याचे ताट वेगळे केले तर त्याला काय वाटेल, हेही त्यांना सांगा. घरातले सगळे एकाच पातेल्यातून, त्याच्यासमोर वाढून घेऊ लागले, तर त्याच्या दोन्ही आजारांना मदत होईल.

नृसिंहवाडीचा नेम मोडण्याचे काहीच कारण नाही. निघताना मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या बरोबर असू द्याव्यात. मनोरुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली तर केंद्रातून मिळालेले उपचारांच्या नोंदींचे हिरवे पुस्तक आणि शिल्लक गोळ्या दाखल करतानाच तेथील डॉक्टरांच्या हाती द्या, त्या औषधपत्रावर लिहून घ्यायला लावा, आणि त्याच दिवशी आपल्या एआरटी केंद्राला फोन करून कळवा. पुढचा साठा कोठून घ्यायचा याची व्यवस्था केंद्रे आपसांत करतात, पण त्यांना कळले तरच. अडचण आली तर एचआयव्हीविषयीच्या माहितीसाठी 1097 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

सोमवारी येताना खासगी रुग्णालयाचे सर्व कागद, भावाचे आधार कार्ड आणि सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. कार्बामाझेपिनचे पाकीट डॉक्टरांनी न विचारता आपणहून पुढे करा. ताप वाढला, उलट्या सुरू झाल्या, मान आखडली किंवा तो ओळखेनासा झाला, तर सोमवारची वाट न पाहता त्याला थेट अपघात विभागात न्या.